गवती चहा घरी लावताना: फुटव्यापासून कपापर्यंत

गवती चहा कुठेही येतो, या भरवशावर तो लावला जातो. पहिल्या वर्षी तो येतोही. दुसऱ्या पावसाळ्यात मात्र बेट मधूनच पिवळं पडतं, पाती बारीक होतात, पोटात वाळका कचरा साठतो आणि चहात टाकलेल्या पातीला नुसता गवताचा वास येतो. अशा वेळी बहुतेक जण खत बदलून पाहतात. खताचा दोष क्वचितच असतो. फुटवा (बेटातून सुटा करून लावलेला दांडा) खोल पुरलेला असतो, कापणी जमिनीलगत झालेली असते, नाहीतर पात दुधाबरोबर दहा मिनिटं उकळलेली असते.

कामाला लागण्याआधी या गवताची ठेवण समजून घ्यावी. ज्याला आपण दांडा म्हणतो, ते खोड नसतं. पातींची खालची आवरणं एकात एक गुंडाळून तो दांडा तयार झालेला असतो. खरं खोड अगदी आखूड, तळाशी, मातीच्या पातळीजवळ असतं आणि नवी पात तिथल्या कोंबातून वर येते. कोंब कुजला किंवा कापला गेला की तो फुटवा संपला. पुढच्या टप्प्यांत खोली, उंची आणि पाण्याबद्दल जी बारीक मापं दिली आहेत, ती सगळी या कोंबासाठी आहेत.

## टप्पा १: फुटवा निवडणं

भाजीवाल्याकडे आल्या-पुदिन्याबरोबर मिळणारी जुडी बहुधा नुसत्या पातींची असते. ती पाण्यात ठेवली तर चार-आठ दिवस हिरवी राहते, पण मुळं धरत नाही, कारण तिला तळच नसतो. लावायला जो फुटवा घ्याल त्याच्या तळाशी पांढरट, टणक गड्डी शाबूत हवी. अंगठ्याने दाबून पाहा. मऊ लागली किंवा करडी, ओलसर दिसली तर तो फुटवा घेऊ नका.

सगळ्यात चांगला फुटवा ओळखीच्या घरच्या बेटातून मिळतो. बेटाच्या कडेचा, करंगळीएवढा जाड, दोन-चार मुळं असलेला फुटवा मागून घ्या. मधले फुटवे जुने असतात, लावल्यावर ते हळू वाढतात आणि लवकर वाळतात. एका कुंडीसाठी 3 आणि जमिनीतल्या एका जागेसाठी 2 ते 3 फुटवे पुरतात.

बियांच्या पाकिटांच्या नादी लागू नका. आपल्या चहात पडणारा गवती चहा क्वचितच फुलतो, म्हणून तो फुटव्यांवरच वाढवतात. पाकिटातून बहुतेकदा त्याच्या जवळची दुसरी जात उगवते आणि तिची चव वेगळी असते.

तपासणी: रोपवाटिकेत सिट्रोनेला हे दिसायला सारखं असलेलं दुसरं गवतही याच नावाखाली ठेवलेलं असतं. पात चुरगळून हुंगा. गवती चहाला स्वच्छ लिंबाचा वास येतो, सिट्रोनेलाचा वास साबणासारखा किंवा डास पळवायच्या मलमासारखा येतो. सिट्रोनेलाचा बुंधा तांबूस-जांभळट असतो, पण रंगावर सगळा निकाल लावू नये, वासावर लावावा. सिट्रोनेला चहात घालायचा नसतो.

फुटव्याला मुळं अजिबात नसतील तर काचेच्या पेल्यात दोन बोटं पाणी घेऊन त्यात तो उभा ठेवा. पेला भरून पाणी घेतलं तर आवरणं सडतात आणि पाण्याला वास येतो. पाणी एक दिवसाआड बदला. उजेड भरपूर, पण दुपारचं थेट ऊन नको. एक ते तीन आठवड्यांत पांढरी मुळं फुटतात. ती दोन-तीन इंच झाली की फुटवा मातीत लावा. परदेशात राहणाऱ्यांना दुकानात याच गवताचे जाड दांडे मिळतात, तेही तळ शाबूत असेल तर याच रीतीने मुळं धरतात.

## टप्पा 2: जागा, कुंडी, माती

दिवसाचं निदान 6 तास ऊन हवं. सावलीत गवती चहा मरत नाही, पण पाती लांब, लिबलिबीत होतात आणि वास कमी पडतो. उत्तरेच्या खिडकीतला गवती चहा वर्षभर हिरवा दिसूनही चहाला काही देत नाही, त्याचं कारण हेच.

कुंडी निदान 12 इंच रुंद आणि तेवढीच खोल घ्या, 14 ते 16 इंची मिळाली तर उत्तम. मुळं दाट आणि भराभर पसरणारी असतात. 8 इंची कुंडी चार-पाच महिन्यांत मुळांनी गच्च भरते आणि मग दिलेलं पाणी मातीत न मुरता कडेने वाहून जातं. तळाला चार-पाच भोकं हवीत, प्रत्येकावर खापरीचा तुकडा पालथा ठेवा.

माती 2 भाग, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत 1 भाग आणि जाड वाळू 1 भाग असं मिश्रण करा. काळी माती असेल तर वाळू दीड भाग घ्या. मूठभर निंबोळी पेंड मिसळली तर चालते. ताजं शेण मात्र कधीही घालू नका, ते कुजताना तापतं आणि नवी मुळं जळतात.

जमिनीत लावताना मातीप्रमाणे पद्धत बदलते. देशावरच्या काळ्या, चिकट जमिनीत सपाटीवर न लावता वीतभर उंच वरंब्यावर लावा. कोकणातल्या जांभ्याच्या मातीत निचरा आपोआप होतो, तिथे अडचण उलट असते: पाऊस सरला की माती लवकर सुकते. म्हणून तिथे खड्ड्यात शेणखत दुप्पट घाला. दोन बेटांत दोन फूट अंतर ठेवा. आज ते जास्त वाटेल, वर्षभरात भरून जाईल.

इशारा: न्हाणीच्या पाण्यावर गवती चहा लावण्याची चाल अनेक घरांत आहे. पूर्वी तिथे साधं पाणी यायचं. आता त्यात साबण, शॅम्पू आणि कपड्यांची पावडर येते. क्षार मातीत साठतात, पातींची टोकं करपतात आणि सतत ओल्या चिखलात बुंधा कुजतो. जी पात आपण उकळून पिणार, तिला हे पाणी देऊ नये.

## टप्पा 3: लावणी

उत्तम वेळ जून-जुलै, पहिले दोन-तीन पाऊस होऊन माती वाफशावर आली की, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली. पाणी देण्याची सोय असेल तर फेब्रुवारी-मार्चही चालतो. डिसेंबर-जानेवारीत टाळा, थंडीत फुटवा नुसता बसून राहतो आणि त्या काळात जास्त पाणी पडलं की सडतो. एप्रिल-मेच्या उन्हात मुळं धरण्याआधीच पाती वाळतात.

लावण्यापूर्वी फुटव्याची छाटणी करायची असते आणि हे काम हमखास राहून जातं. क्रम असा ठेवा:

1. बाहेरची वाळलेली, तपकिरी आवरणं सोलून काढा. आतला पांढरट-हिरवा दांडा मोकळा दिसला पाहिजे.
2. वरच्या पाती कात्रीने कापून तळापासून एकूण उंची साधारण एक वीत ठेवा. मुळं नीट लागण्याआधी लांब पातींतून पाणी उडून जातं, म्हणून ही कापणी. पाती कापायला जीव होत नाही हे समजतं, पण न कापलेला फुटवा आठवड्यात मान टाकतो.
3. जुनी, काळपट मुळं दीड-दोन इंचांवर छाटा. नवी मुळं तळच्या गड्डीतून येणार आहेत.
4. मातीत बोटाने किंवा काडीने भोक पाडून फुटवा उभा ठेवा. मातीखाली फक्त मुळं आणि पांढऱ्या भागाची दोन बोटं जाऊ द्या, त्याहून खोल नको.
5. एका कुंडीतले 3 फुटवे मध्यभागी, चार-चार बोटांच्या अंतराने लावा.
6. भोवतालची माती बोटांनी घट्ट दाबा आणि झारीने पाणी द्या. पाणी दिल्यावर माती बसते. बुंध्याभोवती खळगा पडला तर मातीने भरून घ्या, नाहीतर तिथेच पाणी साचेल.

खोल पुरण्यामागे फुटवा पडू नये हा हेतू असतो. पडत असेल तर शेजारी काडी रोवून सुतळीने सैल बांधा. आधारासाठी माती चढवू नका. पावसाळ्यात खोल गेलेला कोंब आठ-दहा दिवसांत सडतो आणि वरून तो हिरवा दिसत असल्याने उशिरा लक्षात येतं.

तपासणी: 15 ते 20 दिवसांनी मधली पात वाढलेली दिसली पाहिजे. कापलेल्या टोकातून नवी हिरवी पात बाहेर सरकत असेल तर मुळं लागली. शंका असेल तर दांडा हलकेच वर ओढा. माती धरून राहिला तर ठीक, सहज वर आला तर तळ पाहा. सडला असेल तर फेकून दुसरा लावा.

## टप्पा 4: पहिले तीन महिने

पहिले दोन आठवडे माती ओलसर ठेवा. पुढे वरची एक इंच माती सुकली की पाणी. उन्हाळ्यात कुंडीला रोज, जमिनीतल्या बेटाला दोन-तीन दिवसांनी, हिवाळ्यात आठवड्यातून एक-दोनदा असा अंदाज धरा, पण घड्याळापेक्षा मातीत खुपसलेल्या बोटावर विश्वास ठेवा. कुंडीखाली ताटली ठेवली असेल तर पावसाळ्यात ती काढून टाका.

पहिला महिना खत नको. त्यानंतर दर 4 ते 6 आठवड्यांनी 14 इंची कुंडीला दोन मुठी गांडूळखत बुंध्यापासून चार बोटं दूर, गोल पसरून मातीत हलकं मिसळा. युरिया टाकायची गरज घरच्या बेटाला पडत नाही. दाणे पातींच्या बेचक्यात अडकले तर तिथे करपल्याचे डाग पडतात.

या काळात कात्री लावू नका. दोन-चार पाती काढायचा मोह होतो, पण आत्ताची प्रत्येक पात नव्या फुटव्याला पोसत असते.

## टप्पा 5: कापणी

पहिली कापणी लावणीनंतर तीन ते चार महिन्यांनी, बेटात निदान 10-12 फुटवे मोजता आले की. आधी नाही.

कापणी दोन प्रकारची असते आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नका.

रोजच्या चहासाठी काढताना बेटाच्या बाहेरच्या बाजूची, पूर्ण वाढलेली पात निवडा. पात जिथे दांड्यापासून सुटी होते तिथून एक बोट वर कात्रीने कापा. ओढून तोडू नका. ओढताना आवरण फाटतं, कधी अख्खा फुटवा उपटून हातात येतो आणि फाटलेल्या फटीत पाणी शिरून आतून सड सुरू होते. मधली कोवळी पात मऊ म्हणून काढली जाते, पण पुढची वाढ तिथूनच येणार असते, आणि चहाला वासही पूर्ण वाढलेल्या हिरव्या पातीचाच चांगला उतरतो.

दुसरी मोठी कापणी. ती दर 6 ते 8 आठवड्यांनी, सगळ्या बेटाची एकदम. डाव्या हाताने पातींचा झुबका धरा आणि धारदार विळ्याने किंवा कात्रीने जमिनीपासून अर्धी वीत, म्हणजे 10 ते 15 सेंटीमीटर सोडून कापा. त्याखाली गेलात तर कोंब कापले जातात आणि बेट टकलं पडतं. गवत कापतो तसं जमिनीलगत कापल्यामुळे जेवढी बेटं मरतात, तेवढी रोगानेही मरत नाहीत. सकाळी दव सुकल्यावर, कोरड्या दिवशी कापा. संततधारेत मोठी कापणी करू नका, उघड्या टोकांत पाणी साठतं. हिवाळ्यात वाढ मंदावते तेव्हा दोन कापण्यांतलं अंतर वाढवा.

कापल्यानंतर त्याच दिवशी पाणी, दोन दिवसांनी खत.

इशारा: पातीच्या कडा करवतीसारख्या असतात आणि कागदासारखी चटकन चीर पाडतात. पूर्ण बाह्यांचा कपडा आणि हातमोजे घाला. पातीवर बोट टोकाकडून बुंध्याकडे फिरवू नका. लहान मुलं धावतात त्या वाटेच्या कडेला हे बेट नको. जमिनीतलं दाट, जुनं बेट असेल तर हात घालण्याआधी काठीने हलवून पाहा. दाटीत उंदीर राहतात आणि त्यांच्यामागे जनावर, म्हणजे सापही येऊन बसतो.

दांड्याचा पांढरा, कोवळा भाग आमटीसाठी किंवा सूपसाठी हवा असेल तर फुटवा मुळाजवळून कापावा लागतो, म्हणजे तो फुटवा कायमचा जातो. 25-30 फुटव्यांचं बेट असेल तरच महिन्याला एक-दोन काढा.

## टप्पा 6: पिवळेपणा आणि तांबेरा

पाती पिवळ्या पडल्या की लगेच खत घालू नका, आधी कुठली पात पिवळी आहे ते पाहा. बाहेरच्या, खालच्या एक-दोन पाती वाळणं नैसर्गिक आहे. सगळं बेट एकसारखं फिकट हिरवं असेल तर भूक आहे, गांडूळखत द्या. मधली पात पिवळी होऊन ओढताच हातात येत असेल तर तळ सडला आहे. पाणी थांबवा, तो फुटवा काढा, कुंडीची भोकं काडीने मोकळी करा. नुसती टोकं करपली असतील तर पाण्याची टंचाई किंवा बोअरच्या जड पाण्यातले क्षार. महिन्यातून एकदा कुंडीच्या तळातून भरपूर वाहून जाईल इतकं साधं पाणी ओता.

पावसाळ्यात आणि त्यानंतर पातीच्या मागच्या बाजूला नारिंगी-तपकिरी बारीक रेघा दिसल्या आणि बोटाला भुकटी लागली, तर तो तांबेरा, हा बुरशीचा रोग. दाटी आणि पातींवर टिकणारी ओल त्याला मानवते. अशा पाती कापून घराबाहेर टाका, कंपोस्टमध्ये नको. बेट विरळ करा आणि पाणी पातींवर न शिंपडता मातीत द्या. प्यायच्या गवतावर बुरशीनाशक मारण्यापेक्षा सगळ्या पाती अर्ध्या वितीवर कापून नवी फूट येऊ देणं केव्हाही चांगलं.

## टप्पा 7: बेट फोडणं

कुंडीतलं बेट दीड वर्षाने आणि जमिनीतलं दोन-तीन वर्षांनी फोडावंच लागतं. खूण सोपी आहे: मधोमध वाळकी पोकळी आणि हिरवं सगळं कडेला. जूनमध्ये, पाऊस सुरू होताना हे काम करा.

आदल्या संध्याकाळी पाणी द्या. सकाळी पाती वीतभर ठेवून कापा. कुंडी आडवी करून गड्डा बाहेर काढा, जमिनीतला असेल तर चारही बाजूंनी कुदळीने मोकळा करून पहारीने उचला. कोयत्याने आधी दोन, मग चार तुकडे करा, पुढचे फुटवे हातानेच सुटे होतात. मधला वाळका भाग काढून टाका. कडेचे फुटवे टप्पा 3 प्रमाणे छाटून नव्या मातीत लावा. सुटे फुटवे उन्हात ठेवू नका. लगेच लावायचे नसतील तर ओल्या गोणपाटात दोन-तीन दिवस टिकतात.

थंड देशात राहणाऱ्यांसाठी: दव गोठण्याइतकी थंडी पडण्याआधी पाती कापून कुंडी घरात, सर्वांत उजेडाच्या खिडकीपाशी आणा आणि पाणी अगदी कमी करा. बाहेरच्या गोठणाऱ्या थंडीत हे गवत तग धरत नाही.

## टप्पा 8: कपात

लिंबासारखा वास सिट्राल नावाच्या घटकाचा असतो. तो तेलात असतो, तेल पातीच्या आत असतं आणि वाफेबरोबर उडून जातं. म्हणून पात आधी चेचायची, थोडाच वेळ उकळायची आणि झाकण ठेवायचं. स्वयंपाकघरात चहाचा घमघमाट सुटला म्हणजे तेवढा वास कपातून गेला.

दोन कप दुधाच्या चहासाठी क्रम असा:

1. हातभर लांबीची एक पात धुऊन, कात्रीने बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. पात अख्खी गाठ मारून टाकायची असेल तर आधी खलबत्त्यात किंवा लाटण्याने चेचा. न चेचलेली गाठ दिसायला छान, पण वास तिच्या पोटातच राहतो.
2. 200 मिलिलिटर पाणी, पात आणि ठेचलेलं आलं एकत्र ठेवा. उकळी आली की आच मंद करून झाकण ठेवा. 2 ते 3 मिनिटं.
3. साखर आणि चहा पावडर घाला. 1 मिनिट.
4. 120 मिलिलिटर गरम दूध घाला, एक उकळी आली की बंद करा. झाकून एक मिनिट ठेवा आणि गाळा.

लिंबाचा वास असला तरी गवती चहा आंबट नसतो, त्याने दूध फाटत नाही. फाटलं तर बहुधा कच्चं आलं दुधात गेलेलं असतं. आल्यातला एक घटक दूध फाडतो आणि पाण्यात नीट उकळल्यावर तो निकामी होतो. गूळ घालणार असाल तर चहा खाली उतरवल्यावर घाला.

बिनदुधाचा करताना उकळायचंही कारण नाही. तुकडे पातेल्यात घालून वर उकळतं पाणी ओता, झाकण ठेवून 5 ते 7 मिनिटांनी गाळा. त्याहून जास्त वेळ ठेवला तर गवताळ चव उतरते. गाळणी बारीक घ्या, पातीचे धागे घशाला टोचतात. गरोदरपणात किंवा रोजची औषधं चालू असताना दाट काढा रोज घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

## टप्पा 9: साठवण

ताज्या पाती ओलसर फडक्यात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आठवडाभर चांगल्या राहतात. मोठ्या कापणीतल्या उरलेल्या पातींचे तुकडे करून हवाबंद डब्यात फ्रीजरमध्ये ठेवा. वाळवण्यापेक्षा असा वास जास्त टिकतो, आणि न वितळवता तुकडे थेट उकळत्या पाण्यात टाकता येतात.

वाळवायच्या असतील तर धुऊन, पाणी पूर्ण निथळवून, अंगठ्याएवढ्या जाडीच्या जुड्या बांधा आणि सावलीत, वारा खेळेल तिथे उलट्या टांगा. उन्हात वाळवलेली पात पांढरट पडते आणि तिच्यात वाळक्या गवताशिवाय काही उरत नाही. चार ते सहा दिवसांनी पात वाकवून पाहा. कटकन मोडली तर झाली, नुसती वाकली तर अजून दोन दिवस. पावसाळ्यात वाळवायला जाऊ नका, आत बुरशी धरते. तुकडे वाळल्यानंतर करा आणि बरणी अंधाऱ्या कपाटात ठेवा. पाच-सहा महिन्यांनी एक तुकडा चुरगळून हुंगा. वास आला नाही तर सगळी बरणी कुंडीतच आच्छादन म्हणून पसरा, बुंध्यापासून तीन बोटं जागा सोडून.